बीजिंगमधले रशियन रणगाडे आणि त्यांची चिनी भावंडं

बीजिंग मेट्रोच्या पहिल्या मार्गावर एका स्टेशनचं नावच 'लष्करी संग्रहालय' आहे. जिना चढून वर आलं की ती अवाढव्य इमारत दिसते. मधोमध उंच मनोरा आणि त्याच्या टोकाला चिनी सैन्याचा तारा. चिनी प्रजासत्ताकाला १९५९ साली दहा वर्षं झाली, तेव्हा राजधानीत ज्या दहा भव्य इमारती उभारल्या गेल्या त्यातली ही एक. बांधणीची धाटणी मॉस्कोची आहे, आणि आत जे बघायला मी आलो होतो त्याचंही मूळ तिकडचंच.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त बीजिंगला असतो. त्याला चिनी वाचता-बोलता येतं. "दादा, लोक आधी भिंत बघतात, राजवाडा बघतात. तू आधी बंदुका बघणार?" असं म्हणत तो सोबत आला, आणि तो आला म्हणून पाट्यांवरचा मजकूर कळला.

१९५० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्यानंतरच्या दशकात मॉस्कोने चीनला शस्त्रं दिलीच, शिवाय ती बनवायचे आराखडे, यंत्रं आणि शिकवणारी माणसंही दिली. मग दोघांचं फाटलं. १९६० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत तज्ज्ञ परत बोलावले गेले. चीन हा आकडा १,३९० सांगतो. अर्धवट कारखाने आणि अर्धवट कागदपत्रं मागे राहिली. शिकवणारा असा मध्येच उठून गेल्यावर शिकणाऱ्याने काय केलं, हे मला पुस्तकांपलीकडे जाऊन प्रत्यक्ष लोखंडात बघायचं होतं.

त्याचं पहिलं उत्तर डोंगफेंग-१ या क्षेपणास्त्रात मिळतं. ते जसंच्या तसं सोव्हिएत आर-२ आहे. १९५७ च्या ऑक्टोबरमधल्या करारानंतर मॉस्कोने आर-२ चीनला दिलं. तज्ज्ञ निघून गेले ऑगस्ट १९६० मध्ये, आणि चीनमध्ये बनलेलं हे क्षेपणास्त्र गोबीच्या वाळवंटातून उडालं ५ नोव्हेंबर १९६० ला. तीन महिनेही झाले नव्हते. पण खुद्द आर-२ तरी कुठून आलं? दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ मधून. म्हणजे बीजिंगच्या दालनात जे उभं आहे त्याची आजी जर्मन आहे. चिनी मालाला 'नक्कल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही वंशावळ जरूर बघावी. शस्त्रांच्या जगात एकमेकांचं उघडून बघूनच सगळे शिकले आहेत.

लहान शस्त्रांच्या काचेच्या पेट्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. चिनी शस्त्रांची नावं त्या काळी सालावरून पडत, त्यामुळे ओळ वाचायला सोपी जाते. टाइप ५० म्हणजे महायुद्धातली सोव्हिएत पीपीएसएच सबमशीनगन, टाइप ५३ म्हणजे मोसिन-नागांत कार्बाइन (आखूड नळीची रायफल), टाइप ५४ म्हणजे टोकारेव्ह पिस्तूल. मग येतं १९५६, आणि त्या एका वर्षाच्या नावावर तीन शस्त्रं आहेत: सिमोनोव्हची कार्बाइन, देगत्यारोव्हची हलकी मशीनगन आणि कलाश्निकोव्हची रायफल. तिघींचं काडतूस एकच, ७.६२ मिमीचं. लाखो सैनिकांच्या फौजेला एकाच मापाचं काडतूस पुरवता येणं ही केवढी मोठी सोय आहे, ते रसद सांभाळणारा माणूसच जाणे.

टाइप ५६ रायफल आणि रशियन एके-४७ लांबून सारख्याच दिसतात. काचेला नाक लावलं की फरक दिसू लागतो. नळीच्या टोकाशी असलेल्या, नेम धरायच्या माशीभोवती रशियन बंदुकीत वरून उघडे दोन कान असतात. चिनी बंदुकीत पूर्ण गोल कडं आहे. नळीखाली घडी घालून ठेवलेली, सळईसारखी टोकदार संगीन आहे. ती सुटी काढायची नसते, बंदुकीचाच भाग असते. खटक्याजवळच्या खुणा चिनी अक्षरांत आहेत. आणखी एक फरक बाहेरून सहज दिसत नाही, पण मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. पहिल्या टाइप ५६ रायफलींचा मधला सांगाडा पोलादाच्या ठोकळ्यातून मिलिंग करून, म्हणजे यंत्रावर कोरून काढलेला होता. पुढे रशियाने एके-४७ ची सुधारित आवृत्ती एकेएम आणली, तिचा सांगाडा एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा. तोवर संबंध बिघडलेले होते, त्यामुळे ते आराखडे चीनला मिळाले नाहीत. चीनने आपल्या बळावर पत्र्याचा सांगाडा केला, तो दीड मिलिमीटर जाडीचा. ही बंदूक थोडी जड झाली, पण तो अर्धा मिलिमीटर पूर्णपणे चिनी आहे.

स्वतःची नवी रायफल करण्याचा प्रयत्नही त्यांनी केला होता. टाइप ६३ तिचं नाव. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात कारखान्यांची शिस्त बिघडलेली, मालाचा दर्जा घसरलेला. शेवटी ती मागे घ्यावी लागली आणि सैन्य पुन्हा टाइप ५६ कडे वळलं.

सिमोनोव्ह कार्बाइनच्या चिनी आवृत्तीपुढे मात्र मला तांत्रिक गोष्टींचा विसर पडला. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नेफा (आजचं अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये चिनी सैनिकांच्या हातात हीच शस्त्रं होती. आपल्या जवानांकडे बहुतांशी जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली, दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. चीनमध्ये त्या युद्धाला 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला' म्हणतात. पाटी वाचता वाचता भाऊ थांबला, मीही काही विचारलं नाही. चौदा-पंधरा हजार फुटांवर, सुती कपड्यांत, मोजक्या गोळ्यांनिशी लढलेल्या माणसांचा विचार केल्याशिवाय त्या पेटीपुढून पुढे जाणं मला योग्य वाटलं नाही.

रणगाड्यांचं दालन हा या संग्रहालयाचा गाभा आहे, निदान माझ्यासाठी. टाइप ५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ए. आतल्या मंगोलियातल्या पाओथौ शहरात यासाठी कारखाना उभा राहिला, १९५८ मध्ये पहिले रणगाडे बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले. वजन ३६ टन, १०० मिमीची तोफ, चार माणसांचं दल. ओळखायची खूण सोपी आहे. बाजूने बघायचं, पाच मोठी चाकं मोजायची. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त फट दिसली की तो टी-५४ च्या घराण्यातला.

आणि मग टी-६२ बघायचा. इथली फट मागच्या चाकांमध्ये आहे. तोफेच्या नळीवरचा धूर बाहेर काढणारा फुगवटाही टोकाला नसून बराच मागे आहे. पण हा चिनी रणगाडा नाहीच. त्याच्या अंगावर ५४५ हा क्रमांक आहे आणि तो सोव्हिएत सैन्याचा आहे.

१९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीतल्या एका छोट्या बेटावरून दोन्ही देशांच्या सैनिकांत रक्त सांडलं. चिनी त्याला चेनबाओ म्हणतात, रशियन दामान्स्की. नदी गोठलेली होती. १५ मार्चला सोव्हिएत टी-६२ बर्फावरून पुढे आले, त्यातला हा एक निकामी होऊन तिथेच अडकला. त्या हल्ल्यात सोव्हिएत कर्नल लेओनोव्ह मारला गेला. टी-६२ तेव्हा अगदी नवा, त्याची ११५ मिमीची गुळगुळीत नळीची तोफ गुप्त. रणगाडा चिन्यांच्या हाती पडू नये म्हणून सोव्हिएत बाजूने त्यावर तोफगोळे डागले गेले. बर्फ फुटलं, रणगाडा नदीत बुडाला. चिन्यांनी तो पाण्यातून ओढून काढला, बीजिंगला आणला, सुटा करून अभ्यासला. त्यातल्या रात्री बघण्याच्या इन्फ्रारेड यंत्रणेचा उपयोग त्यांच्या पुढच्या टाइप ६९ रणगाड्यात झाला.

म्हणजे ज्याने आधी स्वखुशीने शिकवलं, त्याचाच पुढचा धडा असा नदीच्या तळातून उपसून घेतला. त्या बेटावर दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हातात कलाश्निकोव्हच होती, एकीकडे रशियन आणि दुसरीकडे टाइप ५६. एका आराखड्यातून निघालेल्या बंदुकांनी एकमेकांवर नेम धरला होता. हे वाचून माहीत होतं, तरी ५४५ च्या पोलादाला हातभर अंतरावरून बघताना अंगावर काटा आला.

शेजारी एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते. त्यांनी मला "इंदू?" म्हणून विचारलं. भारतातून आलोय म्हटल्यावर मान डोलावली आणि भावाला बरंच काही सांगितलं. ते तरुणपणी सैन्यात टाइप ५९ चे चालक होते. हिवाळ्यात इंजिन सुरू करायला फार त्रास व्हायचा आणि आत बसून कान बधिर व्हायचे, एवढं भाऊ भाषांतर करू शकला. नातू तोवर दुसऱ्या रणगाड्याकडे पळाला होता.

टाइप ५९ जगभर गेला. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लोंगेवाला इथे पाकिस्तानने आणलेल्या रणगाड्यांत तो होता. राजस्थानात गेलात तर आजही त्याचा सांगाडा बघता येतो. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी, ३० एप्रिल १९७५ ला, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावच्या राष्ट्राध्यक्ष भवनाचं मुख्य फाटक तोडून आत शिरलेला ३९० क्रमांकाचा रणगाडाही टाइप ५९ च.

विमानविरोधी क्षेपणास्त्रांबद्दल थोडक्यात सांगतो. सोव्हिएत एस-७५ चीनला मिळालं आणि ७ ऑक्टोबर १९५९ ला बीजिंगजवळ तैवानचं एक टेहळणी विमान त्याने पाडलं. जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने विमान पाडल्याची जगातली ही पहिली घटना. पुढे चीनने त्यावरून होंगछी-२ केलं. याच क्षेपणास्त्रांनी पाडलेल्या अमेरिकन बनावटीच्या यू-२ टेहळणी विमानाचे चेपलेले अवशेष इथे मांडले आहेत.

दुसऱ्या दिवशी शहराच्या उत्तरेला छांगपिंग भागातल्या विमान संग्रहालयात गेलो. दातांगशान नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी ते आहे. शत्रूच्या हल्ल्यापासून विमानं लपवायला टेकडीच्या पोटात हवाईदलाने बोगदा खणला होता; १९८९ मध्ये तिथेच संग्रहालय झालं. उघड्यावर विमानांच्या रांगाच रांगा आहेत. मिग-१७ वरून केलेलं जे-५, मिग-१९ वरून केलेलं जे-६, आणि जे-७.

जे-७ पाशी माझे पाय थांबले. हे मिग-२१. माझं बालपण नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमान कारखान्याच्या) वसाहतीत गेलं, बाबा तिथे नोकरीला. आमच्याकडे त्या गावालाच 'ओझर मिग' म्हणतात. चीनला मिग-२१ च्या एफ-१३ आवृत्तीचा परवाना १९६१ मध्ये मिळाला आणि भारताचा करार झाला १९६२ मध्ये. जवळजवळ एकाच वेळी, एकाच कारखानदाराकडून. भारताची मैत्री टिकली. सोव्हिएत माणसं ओझरला येऊन राहिली, आपले कामगार टप्प्याटप्प्याने शिकले आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून बनवलेलं पहिलं मिग-२१ एफएल बाहेर पडलं. चीनकडे विमानांचे सुटे भाग पोहोचले, पण कागदपत्रं अपुरी. शेनयांगच्या अभियंत्यांनी राहिलेलं सगळं स्वतः शोधून काढलं आणि १७ जानेवारी १९६६ ला जे-७ उडवलं. त्याचं उत्पादन २०१३ पर्यंत चाललं. नाकातला शंकू बघा: जे-७ चा लहान आहे, आमच्या ओझरच्या एफएलचा मोठा, कारण त्यात रडार बसवायचं होतं. मला विचाराल तर चीनचा रस्ता जास्त खडतर होता, आणि खडतर रस्त्याने जे शिकायला मिळालं त्याचा फायदा त्यांना पुढे झाला. बाबांच्या पिढीच्या हातांबद्दलचा माझा आदर त्याने तसूभरही कमी होत नाही.

या मैदानातलं सगळ्यात विलक्षण विमान आहे टीयू-४. १९४४ मध्ये जपानकडच्या मोहिमांवर गेलेली काही अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानं सोव्हिएत हद्दीत उतरली. स्टालिनने ती परत दिली नाहीत; विमानांचे आराखडे करणाऱ्या तुपोलेव्हला त्यांची हुबेहूब प्रत करायला सांगितलं; तेच टीयू-४. अडचण मापांची होती. अमेरिकन पत्रा इंचाच्या अंशांत, रशियन कारखाने मिलिमीटरवाले. एक सोळांश इंच म्हणजे १.५८७५ मिलिमीटर, तसा पत्राच रशियात मिळत नव्हता. हजारो भागांची जाडी नव्याने ठरवावी लागली. १९५३ मध्ये स्टालिनने अशी काही टीयू-४ चीनला दिली. १९५६ मध्ये ती लिथांगच्या तिबेटी मठावर बॉम्ब टाकायला वापरली गेली, हे इथल्या वर्णनात शोधून सापडणार नाही, पण विसरता येणार नाही.

त्यातल्या एकाच्या पाठीवर भलीमोठी तबकडी आहे. १९७१ मध्ये चीनने मूळची पिस्टन इंजिनं काढून टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी टर्बाइन इंजिनं) बसवली, वर रडारची तबकडी चढवली आणि आकाशातून टेहळणी करणारं विमान करायचा प्रयत्न केला. ते सेवेत आलं नाही. पण खाली उभं राहून वर बघितलं की अमेरिकन सांगाडा, रशियन हात आणि चिनी तबकडी एकाच यंत्रात दिसते. आज चीनकडे त्याच कामाची स्वतःची विमानं आहेत.

जाणार असाल तर पासपोर्ट जवळ हवाच. शहरातलं लष्करी संग्रहालय सोमवारी बंद असतं. आधी ते बघा, दातांगशान नंतर. घराणी आधी कळलेली असली की विमानांची नाती चटकन लागतात. आणि टी-६२ साठी किमान अर्धा तास राखून ठेवा.