गटाराचे १४० मीटर

गावोगाव दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून आमच्या वस्तीला बंदिस्त गटार मिळावे, यासाठीचा प्रस्ताव घेऊन ग्रामपंचायत सदस्य या नात्याने आज पंचायत समितीत गेले होते. अनुदानाचा टप्पा वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो आणि काम बृहत् आराखड्यात, म्हणजे वस्त्यांमध्ये करायच्या कामांच्या एकत्रित आराखड्यात, असावे लागते, हे दोन्ही पाहून ग्रामसभेचा ठराव, लोकसंख्येचा दाखला, जागेचा उतारा अशी सगळी कागदपत्रे क्रमाने लावली होती. तरीही प्रस्ताव परत आला. ठरावात गटाराची लांबी १४० मीटर आणि अंदाजपत्रकात १०४! चूक कोणाची, हे विचारण्यात अर्थ नव्हता (अंदाजपत्रकाची प्रत मीच तपासून जोडली होती). फीत मात्र मी आणि शेजारच्या मावशींनी हातपंपापासून ओढ्यापर्यंत, सांडपाण्यातून वाट काढत, स्वतः धरली होती. त्यामुळे १४० हाच आकडा खरा, याबद्दल मला शंका नाही. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी चुकीच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारून दिली, हे त्यातल्या त्यात बरे. अंदाजपत्रक शाखा अभियंत्यांकडून दुरुस्त करून घेऊन सोमवारी पुन्हा जायचे आहे. त्यानंतर प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जाईल, आणि तिथली रांग वेगळीच.