मोदकाचा आयकॉन काढला आणि अ‍ॅपच गायब झालं

आमच्या आरतीसंग्रहाच्या अ‍ॅपमध्ये मागच्या गणपतीत एक सोय दिली होती, सेटिंगमध्ये जाऊन बटण दाबलं की होम स्क्रीनवरचा आयकॉन बदलून मोदक येतो. लोकांना जाम आवडलं. पण विसर्जनानंतर जे झालं ते नीट लिहून ठेवतेय, कारण हे करणाऱ्या प्रत्येकाला ते आधी कळायला हवं.

अँड्रॉइडवर चालत्या अ‍ॅपमधून आयकॉनचं चित्र बदलता येत नाही, सगळे आयकॉन आधीच अ‍ॅपमध्ये भरावे लागतात. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टीमला देणाऱ्या फाइलमध्ये, मेन अ‍ॅक्टिव्हिटीच्या (अ‍ॅप उघडल्यावर येणारा मुख्य स्क्रीन) खाली प्रत्येक आयकॉनसाठी एक अ‍ॅक्टिव्हिटी-एलियस, म्हणजे त्याच स्क्रीनचं दुसरं नाव, लिहायचं, लाँचरचं (होम स्क्रीन आणि आयकॉन दाखवणारं अ‍ॅप) इंटेंट फिल्टर, म्हणजे 'याचा आयकॉन दाखव' ही खूण, त्या एलियसवर टाकायचं आणि मेन अ‍ॅक्टिव्हिटीवरून काढायचं, नाहीतर ड्रॉवरमध्ये (फोनमधल्या सगळ्या अ‍ॅपची यादी) एकाच अ‍ॅपचे दोन आयकॉन दिसतात. मग कोडमधून पॅकेज मॅनेजरला (अ‍ॅपची नोंद ठेवणारा अँड्रॉइडचा भाग) सांगायचं की मोदकवालं एलियस चालू कर, साध्या आयकॉनचं बंद कर. आधी नवीन चालू आणि मगच जुनं बंद, आणि दोन्ही वेळा डोन्ट किल अ‍ॅपचा फ्लॅग, म्हणजे चालतं अ‍ॅप बंद पाडू नको अशी सूचना, तरी काही लाँचर थोडा वेळ घेतातच, काहींवर तर होम स्क्रीनवरचा शॉर्टकट उडतो आणि ड्रॉवरमधून परत ओढून ठेवावा लागतो. हे युजरला आधी सांगा.

आता मुख्य गोष्ट. गणपती गेले, मोदकाचं काम संपलं, म्हणून पुढच्या अपडेटमध्ये मी ते एलियस मॅनिफेस्टमधून काढून टाकलं. दोन दिवसांनी मावशीचा फोन, "अगं तुझं ते आरतीचं कुठे गेलं? सापडतच नाहीये." तिच्या घरी जाऊन फोन बघितला, सेटिंगच्या यादीत अ‍ॅप आहे, पण ड्रॉवरमध्ये नाही, होम स्क्रीनवर नाही, उघडायचं कुठून?

झालं असं की कुठलं एलियस चालू आणि कुठलं बंद हे फोन त्याच्या नावानिशी लक्षात ठेवतो आणि अपडेट आलं तरी ते पुसलं जात नाही. मावशीच्या फोनवर साधं एलियस बंदच राहिलं आणि चालू होतं ते मोदकवालं मी काढलेलं, म्हणजे लाँचरला दाखवायला काहीच उरलं नाही. ज्यांनी हौसेने मोदक लावला होता त्यांचंच अ‍ॅप गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

उपाय सोपा निघाला. त्याच नावाचं एलियस परत टाकलं, फक्त आत आयकॉन साधा दिला. अपडेट पोचलं तसा मावशीच्या ड्रॉवरमध्ये आयकॉन परत आला, तिला काहीच करावं लागलं नाही. त्यामुळे एकदा लोकांपर्यंत गेलेल्या एलियसचं नाव काढू नका आणि बदलूही नका, चित्र हवं तितक्या वेळा बदला.

आयफोनवर २०१७ च्या आयओएस १०.३ पासून यासाठी सरळ एक फंक्शन आहे, त्याला आयकॉनच्या नावाऐवजी निल, म्हणजे 'काही नाही', दिलं की मूळ आयकॉन परत. तिथेही चित्रं आधीच भरावी लागतात आणि आयकॉन बदलला अशी सूचना सिस्टीम स्वतःच दाखवते. ते मला आवडतं, काय झालं ते माणसाला लगेच कळतं. अँड्रॉइडवर तशी सूचना आता मी स्वतः दाखवते.