द्वेष नाही हो, तूप जास्त

"गोऱ्या पाहुण्यांना जरा खास वागवलं तर तो वर्णद्वेष कसा? द्वेष कुठाय त्यात?"

गंगापूर धरणाच्या अलीकडे आमचं घर आहे, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. कोणती खोली कुणाला, हे रजिस्टरमधल्या नोंदीच्या क्रमाने ठरतं आणि परदेशी पाहुण्यासाठीही तो क्रम मोडत नाही. हे कळलं की शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे हाच प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

पूर्वी रजिस्टर नव्हतं. डिसेंबरातला शनिवार होता. धरण दिसतं ती पुढची खोली पुण्यात शिकणाऱ्या एका केनियाच्या मुलाने आठवडाभर आधी फोनवर ठरवली होती. तो पोचायच्या तासभर आधी एक डच जोडपं दारात उभं राहिलं. वायनरी बघायला आलेलं, बुकिंग वगैरे काही नाही. मी खोली त्यांना देऊन टाकली. मुलगा आल्यावर सांगितलं, पुढच्या खोलीत नळाचं काम निघालंय. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. पैसे मात्र ठरले तेवढेच घेतले.

संध्याकाळी चहा आणि कांदाभजी घेऊन वर निघाले, तर तो जिन्यात. त्याने माझ्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं, वरच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "आंटी, नल ठीक हो गया?"

आवाज अगदी साधा. हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदा होत नव्हतं, एवढं मला कळलं. भजी गार होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

त्याच्याबद्दल माझ्या मनात द्वेष होता का? देवाशपथ नव्हता. म्हणूनच 'वर्णद्वेष' हा शब्द फार सोयीचा आहे. द्वेष नव्हता म्हटलं की सुटलो. पण आपल्या भाषेत याला जुना आणि नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. लहानपणी सिन्नरला लग्नाच्या पंगतीत जावईबापूंच्या भातावर तुपाची धार थांबायचं नाव घ्यायची नाही, आणि भांडं आम्हा पोरांपर्यंत येईस्तोवर वाढप्याचा हात आखडायचा. त्याचा आमच्यावर कसला राग? तूपच मोजकं होतं. माझ्याकडेही धरण दिसणारी खोली एकच होती.

(काळारामापुढे हात जोडून बाहेर पडायचं आणि रिक्षात बसल्या बसल्या 'मुलगी गोरी आहे ना?' विचारायचं, हेही आपणच. पण तो विषय काढला तर रात्र होईल.)

माझी लेक वकिलीचं शिकते. ती म्हणाली, यात नवीन काही नाही. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार आहे, भारताने १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातल्या व्याख्येत वंशावरून कुणाला वगळणं येतं, तसं वंशावरून कुणाला झुकतं माप देणंही येतं. दोन्ही एकाच वाक्यात.

इथे कुणीतरी हमखास डोळे चमकवतं. "म्हणजे आरक्षणही त्यातलंच की!"

नाही. त्याच करारात पुढे लिहिलंय की मागे ठेवल्या गेलेल्यांना बरोबरीला आणण्यासाठी केलेले खास उपाय भेदभाव ठरत नाहीत, हेतू साध्य झाल्यावर ते चालू ठेवू नयेत. आपल्या घटनेचं कलम १५ वंश, जात, धर्म यांवरून भेद करू नका म्हणतं, आणि त्यालाच १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासांसाठी खास तरतुदींची मुभा जोडली. नाशिककराला तरी हे फोड करून सांगायला लागू नये. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी आपल्याच जिल्ह्यातली माणसं त्यात पुढे होती. वर्षं गेली, दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ज्याला पंगतीत बसूच दिलं नव्हतं, त्याला आज आधी वाढलं तर जावईबापूंनी 'पंक्तिप्रपंच' म्हणून ओरडायचं? माझं डच जोडपं कुठल्या दाराबाहेर ताटकळलं होतं?

किती दिवस, कुणाला, कशावरून, यावर वाद आहेत आणि ते खरे आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरवली, तेव्हा न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. पण तो वाद पुढे करून मी माझं नळाचं खोटं झाकू शकत नाही.

तो मुलगा सकाळी निघाला तेव्हा अर्धे पैसे परत देऊ केले. त्याने घेतले नाहीत. सोमवारी रविवार कारंजावरून लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं.

आणि मागच्याच आठवड्यात फोन आला. पलीकडे बाई, विलायती इंग्रजी. माझा आवाज माझ्याही नकळत साखरेत घोळला, "येस, येस, लेक व्ह्यू..."

आतून लेक ओरडली, "आई, रजिस्टर!"