न्यूआर्कला जायच्या आधी खुर्ची उलटी करायला शिका

गेल्या ऑक्टोबरात मी एका खुर्चीला 420 पौंड मोजले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जॉर्जियन विंडसर, यू लाकूड, सुमारे 1790'. जॉर्जियन म्हणजे साधारण अठराव्या शतकातली, विंडसर म्हणजे जाड लाकडी बैठकीच्या भोकांत पाय आणि पाठीच्या काड्या बसवलेली इंग्रजी खुर्ची, आणि यू हे एका झाडाचं लाकूड. दोन आठवड्यांनी एका लिलावघरातल्या जाणकाराने ती उलटीपालटी केली आणि दोन मिनिटांत 60 ते 80 पौंडांचा अंदाज सांगून पुढच्या माणसाकडे वळला. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचं ते दुकान आणि नंतर त्या रागातूनच केलेली वायकम, लंडन आणि न्यूआर्कचा जुन्या वस्तूंचा बाजार ही फिरती, असा सगळा हिशेब खाली आहे. काही ठिकाणी तिखट वाटेल, पण माझे पैसे गेलेत.

आधी कुठे फसलो ते. चौकातलं नीटनेटकं दुकान, आत पिवळे दिवे, मेणाच्या पॉलिशचा वास आणि मालकाचं गोड बोलणं. मी खुर्ची समोरून पाहिली, तिच्या हातांवरून बोटं फिरवली, बसून पाहिलं. उलटी केली नाही. चूक तिथेच झाली. घरी आणून पालथी घातली तेव्हा बैठकीच्या खालच्या अंगाला चार भोकं लाकडी बुचं मारून बंद केलेली दिसली. म्हणजे या बैठकीचे मूळ पाय दुसरीकडे होते. पाठ एका खुर्चीची, बैठक आणि पाय दुसऱ्यांचे. तिकडचे व्यापारी याला 'मॅरेज' म्हणतात. वर सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग फासलेला, अगदी बैठकीच्या पोटालासुद्धा. जुन्या खुर्चीचं पोट सहसा कोरडं आणि मळकट असतं, तिथे कोणी पॉलिश करत बसत नाही. पोटाला ताजा रंग दिसला की सरळ दुकानाबाहेर पडा.

आणि ते यू नव्हतंच. खऱ्या यूचा गाभा नारिंगी-तांबूस असतो, कडेला सायीच्या रंगाचा पट्टा असतो आणि मध्ये बारीक गाठी विखुरलेल्या असतात. माझ्या खुर्चीच्या पाठीची कमान होती ॲश नावाच्या साध्या लाकडाची. रंगाखालूनही लांब रेषा स्पष्ट दिसतात. यूच्या खुर्चीला साध्या खुर्चीच्या कित्येक पट भाव मिळतो, म्हणून हा रंगाचा उद्योग चालतो.

खुर्च्यांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हाय वायकमला अर्धा दिवस पुरतो. म्युझियम छोटं आहे, तिकीट नाही, स्लाउहून गाडीने सहज जाता येतं. तिथून एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करून घ्या. आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांतल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात बॉजर नावाचे कातारी ओल्या लाकडाचे पाय कातायचे आणि गावात खुर्च्या जुळवल्या जायच्या. 1870 च्या दशकात या एका गावातून रोज सुमारे 4,700 खुर्च्या निघत असं सांगतात. तेव्हा 'दीडशे वर्षं जुनी आहे हो!' असं कोणी म्हणालं तर असू दे म्हणावं. अशा खुर्च्या ढिगाने आहेत आणि नुसत्या वयाला पैसे मिळत नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं फर्निचरचं दालन चांगलं आहे, जा.

आता न्यूआर्क. नॉटिंगहॅमशायरमधला हा बाजार 84 एकरांवर भरतो, वर्षातून काही वेळाच, दोन दोन दिवस. पहिल्या दिवसाचं तिकीट महाग, पण जायचं असेल तर पहिल्याच दिवशी जा. चांगला माल अगदी सुरुवातीलाच हलतो. चिखल असतो, गमबूट हवेतच. बॅटरी, मोजपट्टी, जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर आणि रोख पैसे सोबत ठेवा. ढकलगाडी नेली नाही तर काय होतं ते मी भोगलं. पावसाच्या भुरभुरीत दोन खुर्च्या खांद्याला अडकवून गाडीपर्यंत गेलो. वारा पाठीच्या काड्यांत शिरून खुर्ची फिरवत होता आणि पाय घोट्यापर्यंत रुतत होते. दुसऱ्या दिवशी मान वळेना. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी हा बाजार सोडून द्यावा.

पण तिथेच मला शहाणपण मिळालं. सत्तरीच्या एका विक्रेत्याने माझी हकीकत ऐकली आणि काही विकायच्या आधी एक खुर्ची पालथी घालून समोर ठेवली. "पाय मोज," म्हणाला. कॅलिपर एका बाजूने लावला, मग नव्वद अंशांत फिरवून पुन्हा. दोन मापांत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, त्यामुळे गोल कातलेला जुना पाय अंडाकृती होतो. पाय अगदी गोल निघाला तर संशय घ्या. मग त्याने बोट फिरवून किडीची खरी भोकं दाखवली: बारीक, गोल, सरळ आत गेलेली. पृष्ठभागावर उघडे पडलेले लांब चर दिसले तर जुनं किडकं लाकूड नंतर कापून वापरलंय असं धरा. टोकदार स्क्रू 1840 च्या दशकानंतरचे. बैठकीखाली करवतीच्या कमानदार खुणा असतील तर 1790 विसरा, कारण गोल करवत फर्निचरच्या कामात रुळली ती एकोणिसाव्या शतकात. शेवटी बैठकीच्या कडेवर बॅटरी तिरपी धरायला लावली. तिथे कधी कधी कारागिराचा ठसा असतो. जवळच्याच रॉकली गावच्या निकल्सन किंवा वॉकर या कारागिरांचा ठसा सापडला तर भाव लगेच चढतो.

त्याच्याकडून मी एक बिनहाताची साधी खुर्ची 45 पौंडांना घेतली आणि पलीकडच्या रांगेतून दुसरी, हातांची, 140 ला. दोन्ही एल्म लाकडाच्या बैठकीच्या, दोन्हींचे पाय अंडाकृती. त्या संध्याकाळी मी इतका खूश होतो की मिळेल ते घेतलं असतं. तसं करू नका, दोन खुर्च्या झाल्या की गाडीत बसा.

किमतीचं म्हणाल तर दुकानाची, विम्याची आणि लिलावाची किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विम्याच्या कागदावरचा आकडा सगळ्यात फुगलेला असतो, तो विक्रीला धरू नका. लिलावात हातोडा पडला त्या रकमेवर खरेदीदाराला वीस ते तीस टक्के कमिशन आणि त्यावर व्हॅट पडतो. बोली लावताना हे धरूनच थांबा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांत संच महत्त्वाचा. सहा साध्या आणि दोन हातांच्या असा आठांचा मूळ संच मिळाला तर एकेका खुर्चीच्या किमतीची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही. मात्र हातांच्या खुर्च्यांची बैठक मोजा. मूळच्या असतील तर त्या साध्या खुर्चीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर रुंद असतात. रुंदी सारखीच भरली तर हात बहुधा नंतर चिकटवलेले आहेत. 'हार्लेक्विन' संच म्हणजे मिळत्याजुळत्या वेगवेगळ्या खुर्च्या, त्यांना मूळ संचाचा भाव देऊ नका. आणि गेल्या वीसेक वर्षांत गडद महोगनी फर्निचरचा भाव बराच पडलाय, तेव्हा जुन्या पुस्तकातले आकडे दाखवणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

पावतीवर काळ, लाकूड आणि केलेली दुरुस्ती दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक कायद्यानुसार दुकानातून घेतलेला जुना मालही वर्णनाबरहुकूम असावा लागतो, आणि नसेल तर तीस दिवसांत परत देता येतो. मी सोळाव्या दिवशी परत गेलो होतो. काउंटरवर चिठ्ठी नव्हती, ती विक्रीच्या वेळीच काढून घेतलेली. माझ्या पावतीवर फक्त 'खुर्ची, 1' एवढंच होतं.