रँकिंग आलं की मी गप्प का होतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दर ऑगस्टच्या मध्यावर एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेची अमेरिकन कॉलेज फुटबॉलची प्रीसीझन, म्हणजे हंगामाआधीची, क्रमवारी येते. आमच्या मिशिगन विद्यापीठाचं नाव वर दिसलं की मंडळाच्या ग्रुपवर पिवळ्या-निळ्या बदामांची रांग लागते आणि दोन-चार जण तरी मला विचारतात, "तुमची टीम एवढी वर, आणि तुम्ही असे गप्प?" कोलंबसला, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटच्या गावी, राहणारा माझा वर्गमित्र हेच जरा डिवचून विचारतो. अ‍ॅन आर्बरला शिकणारा भाचा काळजीने विचारतो. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून इतकी वर्षं विषय बदलत आलो.

आधी तुमचे अंदाज निकालात काढतो. नजर लागेल म्हणून मी गप्प बसत नाही. मी निराशावादीही नाही. आणि "आता पूर्वीसारखा जीव राहिला नसेल त्यात" असं जे काही जणांना वाटतं, ते तर साफ खोटं आहे. 1996 मध्ये सांगलीहून अ‍ॅन आर्बरला आलो, तेव्हापासून नोव्हेंबरच्या अखेरीचा ओहायो स्टेटचा सामना मी एकदाही चुकवलेला नाही. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागत नाही. हे काळजी नसलेल्या माणसाचं लक्षण नव्हे.

मला खटकतो तो ऑगस्टचा आकडा. साठेक पत्रकार मतं देतात, तेव्हा एकाही पोराने खऱ्या सामन्यात बॉलला हात लावलेला नसतो. गेल्या वर्षीचे किती खेळाडू परत आले, नवीन भरती कशी आहे, गेला हंगाम कसा संपला, एवढ्यावर क्रमांक ठरतो. एपीची क्रमवारी 1936 पासूनची. हंगामाआधीची क्रमवारी ते 1950 पासून काढतात. ती निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. बीसीएसच्या, म्हणजे क्रमवारीवरून फायनलच्या दोन टीम ठरायच्या त्या काळात तर तिला फार वजन होतं, कारण खालून सुरुवात करणाऱ्या टीमला सगळे सामने जिंकूनही वरच्यांच्या हरण्याची वाट बघावी लागायची. पण म्हणून तो आकडा खरा ठरतो असं नाही. 2005 मध्ये आम्ही चौथे होतो आणि हंगाम 7–5 (सात विजय, पाच पराभव) असा संपला. टेक्सासला 2025 मध्ये इतिहासात प्रथमच एपीचा प्रीसीझन पहिला क्रमांक मिळाला आणि पहिल्याच सामन्यात कोलंबसला 14–7 असा पराभव. 1997 मध्ये, मी इथे विद्यार्थी असताना, आम्ही पहिल्या दहांतही नव्हतो आणि एकही सामना न हरता एपीचं विजेतेपद मिळवलं.

अंदाज चुकतात, ही माझी तक्रारच नाही. चुकू देत. आकडा मोठा असला की जिंकणं ही मिळकत राहत नाही, देणं होऊन बसतं, हे मला सोसत नाही. सप्टेंबरमध्ये चाळीस गुणांनी जिंका, कोणी टाळी वाजवत नाही. "एवढं तर व्हायलाच हवं होतं." वीस गुणांनी जिंका, तर काय बिघडलं याची चर्चा. त्या पोरांना मिळवायला काही उरतच नाही, फक्त गमवायला उरतं.

2007 चा तो दिवस तुम्हाला माहीत आहे. मी स्टेडियममध्ये होतो, हेही बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याबद्दल मी कधी नीट बोललो नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 2006 मध्ये, आम्ही 11–0 होऊन कोलंबसला गेलो होतो. पहिल्या क्रमांकाविरुद्ध दुसरा. आमचे जुने कोच बो शेंबेक्लर सामन्याच्या आदल्या दिवशी वारले. 42–39 असे हरलो. रडू आलं, पण मान खाली गेली नव्हती. मग त्या हिवाळ्यात बातमी आली की आमचे माइक हार्ट, चॅड हेनी आणि जेक लाँग हे तिघेही खेळाडू प्रोफेशनल फुटबॉलकडे न जाता शेवटच्या वर्षासाठी थांबणार. ओहायो स्टेटला त्यांनी एकदाही हरवलं नव्हतं आणि तेवढ्यासाठी ते थांबले होते. ऑगस्टमध्ये रँकिंग आलं. आम्ही पाचवे, ओहायो स्टेट अकरावे. मी तेव्हा गप्प नव्हतो. कोलंबसच्या मित्राला फोन करून तासभर बोललो होतो.

1 सप्टेंबर 2007, दुपारी बाराचा सामना, स्वच्छ ऊन, एक लाख नऊ हजारांच्या वर माणसं. समोर अ‍ॅपलेशियन स्टेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावचं कॉलेज, खालच्या विभागातलं. तिथले ते लागोपाठ दोन वर्षांचे विजेते होते, पण त्या विभागातल्या टीमने क्रमवारीतल्या टीमला हरवल्याचं तोवर एकदाही घडलेलं नव्हतं. सुरुवातीलाच हार्टने टचडाउन केला (बॉल शेवटच्या रेषेपार नेला, सहा गुण), आमच्या रांगेतले लोक हसत खाली बसले आणि पुढच्या आठवड्यातल्या ओरेगॉनच्या सामन्याबद्दल बोलायला लागले. मग त्यांच्या डेक्स्टर जॅक्सनने एक छोटा पास पकडला आणि 68 यार्ड पळत गेला. मग आणखी एक टचडाउन. आणखी एक. त्यांचा क्वार्टरबॅक आर्मांटी एडवर्ड्स आमच्या डिफेन्सच्या हाताला लागतच नव्हता. हार्ट मांडीला मार लागून बाहेर बसला होता. हाफटाइमला 28–17, ते पुढे.

इथपर्यंतचं सगळ्यांना आठवतं. मला आठवतं ते पुढचं. आमची टीम बोगद्याकडे निघाली आणि आमच्याच लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. समोरच्यांची नव्हे, आपल्या टीमची. माझ्या मागच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते, गळ्यात जुना मफलर, बायको-नातवंडांसह आलेले. ते उभे राहून, तोंडाशी हात धरून, एका खेळाडूला त्याच्या नंबराने हाक मारून शिव्या देत होते. शेजारी त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू. आधी तो आजोबांकडे बघत राहिला, मग त्यानेही तसेच हात धरले. मैदानातली पोरं एकोणीस, वीस, एकवीस वर्षांची. तेव्हा त्यांना पगारही नव्हता. त्यातल्या एकाने मान वर करून स्टँडकडे पाहिलं. हेल्मेट काढलेलं होतं म्हणून चेहरा दिसला. राग नव्हता त्यावर. तो शोधत असल्यासारखा बघत होता, की हा आवाज नेमका कुठून येतोय.

उत्तरार्धात हार्ट परत आला. मांडी दुखत असताना तो जे खेळला, तेवढं करणारा खेळाडू मी त्या मैदानावर क्वचितच पाहिला आहे. साडेचार मिनिटं उरली असताना 54 यार्ड पळून त्याने टचडाउन केला आणि आम्ही 32–31 असे पुढे गेलो. लोक नाचायला लागले. मागचे आजोबा "हार्ट! हार्ट!" करत मला मिठी मारायला आले. मी मारू दिली. पण हाफटाइमला त्या तोंडून काय बाहेर पडत होतं ते मी ऐकलं होतं, आणि माझा आनंद तिथेच आखडला. आमची फील्ड गोल (लाथेने मारायची, तीन गुणांची) अडवली गेली. त्यांनी एकही टाइमआउट हाताशी नसताना मैदान पार केलं आणि 26 सेकंद उरली असताना 24 यार्डांवरून फील्ड गोल मारली. 34–32. हेनीने मॅनिंगहॅमला 46 यार्डांचा पास दिला, सहा सेकंद उरली, 37 यार्डांची फील्ड गोल, आणि त्यांचा कोरी लिंच ती अडवून बॉल घेऊन पळत सुटला. तो थांबला तेव्हा घड्याळ संपलं होतं.

पराभवाचं दुःख झालं, खूप झालं. पण खरं सांगू? अ‍ॅपलेशियनची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, ते बघताना मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडून कोणी काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यांना मिळालेलं सगळं त्यांचं होतं. आम्ही पाचव्या क्रमांकावरून थेट पंचवीस टीमच्या क्रमवारीबाहेर फेकले गेलो. एका सामन्यात असं त्याआधी कुणाचं झालं नव्हतं. पुढच्या शनिवारी ओरेगॉनने 39–7 असं हरवलं. नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटने 14–3. हार्ट, हेनी, लाँग, तिघेही ओहायो स्टेटला न हरवताच गेले. आणि ऑगस्टमध्ये अकरावं असलेलं ओहायो स्टेट त्या वर्षी फायनल खेळलं.

माझ्या दादाची गोष्ट भाच्याला माहीत आहे, तुम्हाला नसेल. दहावीला तो बोर्डात येणार असं सगळ्या सांगलीने ठरवून टाकलं होतं. सर घरी येऊन सांगायचे. निकालाच्या आदल्या दिवशी काकांनी पेढ्यांची ऑर्डर दिली होती. दादाला 86 टक्के मिळाले, गुणवत्ता यादीत नाव नाही. त्या काळात 86 टक्के म्हणजे गल्लीत जेवण घालण्यासारखे. आमच्या घरात संध्याकाळी दिवा लागला नाही. कोणी काही बोललं नाही त्याला. आईने फक्त पेढे शेजाऱ्यांकडे पाठवायला सांगितले आणि ते घेऊन दादालाच पाठवलं. हाफटाइमला वर बघणाऱ्या त्या मुलात मला दादा दिसला की नाही, हे आज ठामपणे सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत दोन्ही आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील. पण 2007 नंतर ऑगस्ट आला की मला दोघेही आठवतात.

आता तुम्ही म्हणाल, एका मफलरवाल्या माणसावरून एवढ्या मोठ्या गोष्टीचा निवाडा करता? बरोबर आहे. त्या दिवशी स्टेडियममध्ये लाखभर लोक असे होते ज्यांनी चकार शब्द काढला नाही. आणि 2007 च्या ऑगस्टमध्ये तासभर फोनवर बोलणारा जो मी होतो, त्याचं म्हणणंही मला पूर्ण खोडता येत नाही. तो म्हणायचा, इतक्या लांबून आलेल्या माणसाला एका गावात "आपण" म्हणता येतं ते अशा गोष्टींमुळे. आपण पाचवे आहोत, हे वाक्य उच्चारताना त्याला पहिल्यांदा अ‍ॅन आर्बर आपलं वाटलं होतं. मी त्याला सांगू पाहतो की "आपण" 42–39 ला हरल्यावरही म्हणता येत होतं, किंबहुना तेव्हाच जास्त. तो ऐकत नाही. त्याच्याकडे उत्तर आहे, 2008. त्या वर्षी कोणी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. नवे कोच आले होते, क्रमवारीत नाव नव्हतं. 3–9 झालो. मग मोकळं वाटलं का मला? नाही. ती पानगळ मी कशी काढली ते घरच्यांना विचारा. ओझं नसणं म्हणजे सुख नव्हे, एवढं त्या वर्षाने दाखवलं.

पण 2021 ही दाखवावं लागेल. त्या ऑगस्टमध्ये पंचविसांत नव्हतो. आदल्या वर्षी 2–4. नोव्हेंबरमध्ये बर्फ पडत असताना हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले आणि 42–27 ने ओहायो स्टेटला हरवलं. असा आनंद मला पुन्हा झाला नाही. 2023 ला प्रीसीझन दुसरे होतो, पंधराच्या पंधरा जिंकलो, ह्यूस्टनला वॉशिंग्टनला 34–13 ने हरवून राष्ट्रीय विजेते झालो. तुम्ही सगळे माझ्या घरी होतात, आणि त्या रात्रीही विचारलंत की मी नाचत का नाही. मला हायसं वाटलं होतं. चार महिने छातीवर ठेवलेलं कुणीतरी उचललं, एवढंच.

कोलंबसचा मित्र या बाबतीत माझ्याशी भांडायचा. 2024 नंतर थोडा कमी भांडतो. त्यांचं ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावरून सुरू झालं, घरच्या मैदानावर आमच्या ढेपाळलेल्या टीमकडून 13–10 ने हरलं, लागोपाठ चौथ्यांदा. गावभर कोच रायन डेला काढा म्हणून ओरड झाली. जानेवारीत त्याच कोचने राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मी अभिनंदनाचा फोन केला तर तो म्हणाला, "हो रे, पण तुमच्याकडून हरायला नको होतं." विजेतेपदाच्या रात्री. मी त्याला काही बोललो नाही.

भाच्याचं मत वेगळं आहे, आणि तुम्हाला पटेल असंच आहे. तो म्हणतो, "मामा, ते तिघे परत आले ते त्या ओझ्यासाठीच ना? त्यांना पन्नासावं राहायचं असतं तर ते इथे आलेच नसते. तू त्यांच्या वतीने का दुःखी होतोस?" यावर माझ्याकडे तोडीस तोड मुद्दा नाही. ओझं त्यांनी आपण होऊन उचललं होतं, हे खरंच आहे. दादानेही कदाचित उचललं असेल. त्याला मी कधी विचारलेलं नाही. मी भाच्याला इतकंच म्हणतो की त्यांनी घेतलेलं ओझं आणि आपण वरून टाकलेलं, हे दोन वेगळे ठेवायला हवेत. तो म्हणतो, स्टेडियममध्ये बसून ते वेगळे करता येत नाहीत. आम्ही दोघे अजून यावर बोलतोय.