चौघांत एक पुस्तक

अनौपचारिक वर्गाचा अभ्यासक्रम मागे पडला की आधी शिकवणाऱ्याला बोल लागतो, मग शिकणाऱ्यांच्या गैरहजेरीला. वर्गात साहित्य काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

दीड तासाचा प्रौढ साक्षरता वर्ग घ्या. 20 जण, 5 पुस्तकं. हजेरी, उजळणी आणि समजावणं वजा जाता वाचायला 40 मिनिटं उरतात. चौघांत एक पुस्तक, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 10 मिनिटं. तीही कागदावरच. पुस्तक ज्याच्यासमोर सरळ असतं तो वाचतो, बाकीचे आडवी-उलटी अक्षरं बघत मागून सूर धरतात. आवाज चौघांचा येतो, म्हणून ‘पाठ झाला’ अशी नोंद होते.

मग पाठ फळ्यावर उतरवायचा, हा नेहमीचा तोडगा. त्यात वेळ लिहिण्यात जातो, आणि अक्षर बारीक पडलं तर मागच्यांना काही दिसत नाही. ढोबळ मानाने दर 3 मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर लागतं. शेवटची रांग 6 मीटरवर असेल तर 5 सेंटिमीटर. एवढ्या अक्षरात फळ्यावर फार मजकूर मावत नाही.

पण बांधीव पुस्तकाची खरी अडचण वेगळीच आहे. सातवा पाठ सहावा झालाय असं धरून चालतो, आणि इथे कामाच्या हंगामात माणसं दोन-दोन आठवडे येत नाहीत. परत आलेल्याला सातव्यावर बसवलं की तो गप्प होतो आणि नंतर यायचाच थांबतो. म्हणून पैसे थोडे असतील तर पुस्तकांच्या प्रती वाढवण्याआधी सुटी पाठकार्डं करावीत, असं माझं ठाम मत आहे.

ए-फोरच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद घ्यायचा. एका कार्डावर एकच कौशल्य, 15 ते 20 मिनिटांत संपणारं. उत्तर मागच्या बाजूला, म्हणजे तपासायला कुणाची वाट बघावी लागत नाही. पातळीला रंग, क्रमाला आकडा. प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती. जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी अशा अडणाऱ्या जागी चार. भिंतीवर तक्ता लावून कुणाचं कोणतं कार्ड झालं तिथे खूण करायची. महिन्याभराने आलेला माणूस तक्ता बघून आपलं कार्ड उचलतो. सुरुवातीला नावं वाचता येत नाहीत, तेव्हा नावाशेजारी प्रत्येकाचं एक चिन्ह हवं.

हमखास फसतं ते सूचनांपाशी. ‘खालील शब्द वाचून जोड्या लावा’ हे वाक्य ज्याला वाचता येतं त्याला त्या कार्डाची गरजच नसते! त्यापेक्षा चार ठरावीक चित्रं वापरावीत: डोळा म्हणजे वाचा, पेन्सिल म्हणजे लिहा, दोन डोकी म्हणजे बोला, रेघ म्हणजे जोडा. लॅमिनेशनही विचार करूनच करावं. कार्ड टिकतं, पण दिव्याखाली चकाकतं आणि संध्याकाळच्या वर्गात अर्ध्या ओळी दिसत नाहीत.

चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास होतो. 12 पॉइंटचा मजकूर हाती देऊन ‘शिकायचा वेग कमी’ असा शेरा मारण्याआधी 18-20 पॉइंटात छापून बघा, आणि वर्गात वाचायचे दोन-तीन चष्मे ठेवा.

मजकूर मोठ्या माणसांचा हवा. औषधाच्या पाकिटावरची तारीख, दुकानाचं बिल, मजुरीचा हिशेब. ब्राझीलमध्ये आंगिकोस इथे 1963 साली शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या प्रौढ साक्षरता वर्गांत आधी चित्र, त्यावर गप्पा आणि मग शब्द असा क्रम होता. त्याच रोजच्या वापरातल्या शब्दाचे तुकडे करून नवे शब्द बनवायचे. बालवाडीच्या अंकलिपीवर हे होत नाही.

टॅब्लेट मिळाले तर चांगलंच. व्हिडिओ आधीच उतरवून ठेवायचे, चार्जिंगची जबाबदारी एकाकडे, आणि वीज गेली तर त्याच पाठाचं कार्ड तयार.

दर महिन्याला कार्डांचा गठ्ठा चाळावा. कडा मळलेल्या कार्डांच्या प्रती वाढवायच्या. कोऱ्याकरकरीत राहिलेल्यांची सूचना किंवा उदाहरण बदलून बघायचं.