रस्सा पाणचट का होतो?

माहेर कोल्हापूरचं आणि संसार ठाण्यात, त्यामुळे हा प्रश्न मला सोसायटीत, ऑफिसात, अगदी भिशीतही येतो. "तुमच्या चिकनच्या रश्श्यावर तर्री येते, मग आमच्या रश्श्यात वर पाणी आणि खाली चोथा का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तुम्ही मसाल्यात चिकन परतता आणि मग त्यावर पाणी ओतता. आमच्याकडे आधी अळणी होतं, म्हणजे तिखट-मसाला न घालता चिकन शिजवलेलं पाणी. किलोभर चिकन, हाडासकट. बोनलेस आणणार असाल तर पुढचं वाचू नका, पाण्यात उतरायला त्यात काही नसतंच. हळद, मीठ, आलं-लसूण चोळून चिकन अर्धा तास ठेवायचं. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा परतायचा, चिकन घालायचं आणि वर पाणी भरलेलं ताट झाकायचं. चिकनला स्वतःचं पाणी सुटू द्यायचं. मग ताटातलं तापलेलं पाणी आत, शिवाय पाच-सहा वाट्या आधणाचं. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत शिजतं. गावठी कोंबडी असेल तर सरळ कुकर लावा. तिखट पडायच्या आधी यातलं वाटीभर पोरांच्या भातावर जातं. घरात कुणी तापातून उठलेलं असेल तर त्याला मिरपूड घालून हेच.

आता चोथा. तो वाटणामुळे होतो. सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस, कांदा थोड्या तेलावर चांगला काळपट होईपर्यंत, आणि तीळ, खसखस, धणे, दगडफूल शेवटी, नुसते तडतडेपर्यंत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खोबरं तयार होईस्तोवर खसखस जळून जाते. आणि वाटण गंधासारखं बारीक हवं. मिक्सर फिरत नसेल तर अळणीचा एक डाव घाला, साधं पाणी नको. भरड राहिलेलं खोबरं रश्श्यात तळाला बसणारच. बारीक वाटलेलं अंगचं तेल सोडतं, म्हणून घरच्या तर्रीला हॉटेलइतकं तेल ओतावं लागत नाही.

तर्रीचा रंग मात्र चटणीचा. आमची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून येते: रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, त्यामुळे चटणी उकळत्या रश्श्यात वरून भुरभुरवून उपयोग नाही. तेल तापवा, गॅस बारीक करा, अडीच चमचे चटणी घाला आणि लगेच वाटण. चटणी एकटी तेलात राहिली तर करपते, मग कडूपणा कशानेही जात नाही. वाटणाच्या कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. इथे घाई करणाऱ्यांचाच रस्सा पाणचट होतो. त्यानंतर गरम अळणी आणि चिकन, दहा मिनिटं उकळी, वर कोथिंबीर. टोमॅटो नको. क्रीम तर नकोच नको!

जहाल लाल काहीतरी ताटात आलं की बाहेर त्याला 'चिकन कोल्हापुरी' म्हणतात. माझ्या आईने ते चाखून बाजूला सारलं असतं. रश्श्याने घाम यावा, पण ज्वारीची भाकरी कुस्करून दुसरी वाटी मागवीशीही वाटावी.

पांढरा रस्साही हवा असेल तर अळणी आधीच थोडं जास्त करा. त्यात काजू-खसखशीचं वाटण, अख्खा गरम मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फुटतं. हा खटाटोप मी पाहुण्यांसाठी करते, आणि तेव्हा बहुधा मटण असतं. चिकन आम्हा घरच्यांचं, रविवारचं.

ऐनवेळी दोन माणसं वाढली तर? वाटीभर अळणी बाजूला ठेवलेलं असावं, तेच उकळून घाला. ते संपलं असेल तर आधणाचं पाणी आणि चिमूट मीठ. माठातलं गार पाणी तेवढं ओतू नका.